म्हैस विकून स्पीकर

म्हैस विकून नवे स्पीकर घ्यायचे, असं आमच्या बुढ्यानं, म्हणजे नवऱ्यानं, मला सांगितलं, तेव्हा त्याचा तबकडीचा प्लेअर माझ्या पाट्यावर बसला होता. चटणी वाटायच्या पाट्यावर. मोबाइलवर एक दाढीवाला माणूस आवाजाचे धडे देतो. त्यानं सांगितलं होतं की प्लेअरखाली जड दगड असला म्हणजे सुई थरथरत नाही. दाढीवाल्याच्या घरी संगमरवर असेल. आमच्या घरी पाटा होता. तेव्हापासून मी मिरची खलबत्त्यात कुटत होते आणि सुई सुखात होती.

"म्हैस काढून टाकू," बुढा म्हणाला. "म्हातारी झाली ते आता."

"दुसऱ्या वेताची म्हैस म्हातारी?" मी म्हटलं. "म्हातारे तुम्ही झाले. तुमाले कोणी काढून टाकलं काय?"

"तुले समजत नाही. आवाज फुटून राह्यला. स्पीकर बदलल्याबिगर भागत नाही."

तोंडावर मी त्याला तुम्ही म्हणते. लिहिताना 'तो' लिहिते, कारण लिहिताना पदर सावरावा लागत नाही.

म्हैस माझी आहे, हे आधीच सांगून ठेवते. घर त्याच्या नावावर, शेत त्याच्या नावावर, फंडाचे पैसे आले तेही त्याच्या खात्यात. आधीची म्हैस मला माझ्या भावानं दिली होती आणि तिच्या दुधावर मी ही घेतली. सकाळचं दूध स्टँडवरच्या चहावाल्याकडे जातं, संध्याकाळच्या दुधाचं तूप होतं. मला लुगडं घ्यायचं असो, माहेरी जायचं असो की दाढ काढायची असो, मी कोणापुढे हात पसरत नाही. म्हैस गेली असती तर दाढ दुखते हे आधी बुढ्याला पटवावं लागलं असतं, मग डॉक्टरला. त्याला स्पीकर हवे होते. मला माझी म्हैस दावणीला हवी होती. एवढंच भांडण.

आमचं गाव नांदुरा तालुक्यात, वडनेर भोलजीपासून जवळ. बुढा बसवर ड्रायव्हर होता. सारी नोकरी इंजिनाच्या बाजूला बसून केली. डावा कान इंजिनानं खाल्ला, उजवा हॉर्ननं. एक खरं आहे, त्या काळी त्याचा कान होता. अंगणात बसून तो सांगायचा की वळणावर येते ती गाडी कोणत्या डेपोची आणि तिचं काय बिघडलं आहे. गाडी आली की तसंच निघायचं. पण ते तेव्हा. आता मी चुलीपासून जेवायला हाक मारते तर त्याला ऐकू येत नाही, ताट आपटलं की ऐकू येतं.

अशा माणसाला श्वास ऐकायचा होता.

हे श्वासाचं खूळ मिस्तरीनं घातलं. मिस्तरी म्हणजे जळगावच्या बाजारात रेडिओ-टेपचं दुकान असलेला भला माणूस. आमचं जळगाव म्हणजे जामोदचं. आमच्या मुलानं पुण्याला जाताना त्याचा जुना अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घरी टाकले. बुढ्यानं मिस्तरीकडून एक जुना प्लेअर आणला आणि त्यासोबत पाच-सहा तबकड्या. त्यात एका गवयाचं भजन होतं. मिस्तरी म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, दुसऱ्या कडव्याच्या आधी बुवा श्वास घेतात. चांगल्या सेटवर साफ ऐकू येते. साध्या सेटचं काम नोहे ते."

झालं. घरी येऊन बुढ्यानं ते भजन लावलं, कान स्पीकरला लावला आणि श्वास शोधायला बसला. शेळी हरवल्यावर माणूस बाभळीत शोधतो तसा.

"त्यात काय ऐकाचं?" मी म्हटलं. "श्वास तं मीही घेते. तो नाही ऐकला तुम्ही कधी."

"तुयी गोष्ट येगळी."

"काऊन? माह्या श्वासाले चांगला सेट लागते काय?"

त्यानं कान पुन्हा स्पीकरला लावला. बहुतेक ऐकू आलं नसेल.

पहिल्या वर्षी त्यानं अँप्लिफायर बदलला. मुलाचा होता तो कमजोर आहे म्हणाला. नवा आला दिवाळीच्या आसपास, आणि आवाज खरंच सुधारला. मलाही कळलं, खोटं कशाला बोलू. आधी गवई जणू विहिरीत उतरून गात होता, आता बाजेवर बसून गायला लागला. बुढ्यानं गावभर सांगितलं. लोक ऐकायला आले, मी चहा केला. शिमगा झाला आणि आवाज पुन्हा विहिरीत गेला.

बुढा म्हणाला, वायर हलकी आहे. दुसऱ्या वर्षी त्यानं माझ्या करंगळीएवढी जाड तांब्याची वायर आणली, तीही दिवाळीलाच. आवाज पुन्हा सुधारला. "पाह्य," तो म्हणाला, "वायरमधून आवाज वाहते. पाइप बारीक असला तं पाणी कमी येईन का नाही?" ड्रायव्हर माणूस, त्याला सगळं जग डिझेलच्या पाइपासारखं दिसतं. पुन्हा शिमगा आला, पुन्हा आवाज फुटला.

मग पंखा आडवा आला. गाणं लागलं की पंखा बंद. आमच्याकडे चैत्रात भिंती तापतात, अंगाला पाण्याची धार लागते, आणि हा खुर्चीत डोळे मिटून बसायचा, बनियन पिळावं असं भिजलेलं. त्यानंतर फ्रिज आडवा आला. दाढीवाला म्हणाला होता की फ्रिजमुळे करंट खराब होतो. मला न विचारता त्यानं फ्रिजची पिन काढली आणि परत लावायला विसरला. संध्याकाळचं सगळं दूध नासलं. मी ते पातेलं त्याच्या अँप्लिफायरशेजारी नेऊन ठेवलं.

"हे काय?"

"तुमचा करंट साफ झाला. आता हे खा."

त्यानंतर फ्रिजला हात लागला नाही, पण तिसऱ्या दिवाळीला प्लेअरला नवी सुई आली आणि तिच्यासाठी माझा पाटा गेला.

आता आवाज दर दिवाळीला का सुधारत होता आणि शिमग्याला का बिघडत होता, हे ऐका. मी चौथीपर्यंत शिकले. पण सेट आहे ती खोली झाडते मी.

बुढ्यानं फंडाच्या पैशातून पुढची खोली बांधली. वर स्लॅब, खाली गुळगुळीत फरशी, भिंतीला चकचकीत ऑइल पेंट. पाहुणे म्हणतात, लय भारी खोली आहे. आत दोन खुर्च्या आणि सेट, बाकी काही नाही. आणि वेचणी झाली की आमचा कापूस त्याच खोलीत पडतो, कारण दुसरीकडे कोरडी जागा नाही. भाव चढेल म्हणून सगळे ठेवतात, आम्हीही ठेवतो. अर्धी खोली खिडकीपर्यंत भरते. बुढा उरलेल्या अर्ध्या खोलीत अंग खाजवत गाणं ऐकतो. शिमग्याच्या आगेमागे व्यापारी येतो, कापूस गाडीत भरून नेतो.

तिसऱ्या वर्षी कापूस गेला त्या दिवशी मी खोली झाडत होते. सरक्या, काड्या, पानांचा चुरा सगळं दाराशी आणलं आणि बुढ्याला हाक मारली, "अहो!" भिंत म्हणाली, "अहो!" मी पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. टाळी वाजवली तर टाळी परत आली. आदल्या दिवशी त्याच खोलीत मी शेजारणीशी बोलले होते, तेव्हा माझा शब्द तोंडातून निघून कापसात बसला होता, परत आला नव्हता.

मी केरसुणी टाकली आणि बाहेर येऊन सांगितलं. "तुमचा आवाज वायरनं सुधारला नाही. कापसानं सुधारला. कापूस गेला का आवाज जाते."

बुढा हसला. असा हसला की मला वाटलं, कवळी पडेल. "अवं, कापूस काय मशीन हाय? कापसाले करंट लागते काय? साऱ्या दुनियेतले इंजिनेर एडे आन तू शहाणी!"

"इंजिनेर आपल्या घरी झाडाले येत नाहीत."

"तू चुलीकडं पाह्य."

त्याच संध्याकाळी तो बोलला की आता फक्त स्पीकरच उरले. अँप्लिफायर नवा, वायर नवी, सुई नवी, तरी आवाज फुटतो, म्हणजे दोष स्पीकरचाच. हिशेब बरोबर होता त्याचा. प्रत्येक वस्तू बदलून पाहिली होती, फक्त खोलीकडे पाहिलं नव्हतं, कारण खोली त्यानं स्वतः बांधली होती. जनावरांच्या बाजारातल्या दलालाला त्यानं निरोपही धाडला. दलाल येऊन म्हशीचे दात पाहून गेला, मी तेव्हा तुरीच्या शेंगा वेचायला गेले होते. जावेनं सांगितलं मला.

माझी धाकटी जाऊ शेजारच्याच घरात राहते. तिला कोणताही आजार नाही, फक्त वजन आहे. ती म्हणाली, "जाऊबाई, रडून पाहा एकदा. भाऊजी ऐकतीन."

"त्याले गवयाचा श्वास ऐकू येत नाही," मी म्हटलं, "माहं रडणं काय ऐकू येते?"

मी मंगळवारी जळगावची बस धरली. मिस्तरी दुकानात एकटाच होता, एका मिक्सरच्या पोटातल्या तारा काढून बसलेला. रमजान चालू होता म्हणून त्यानं चहा मागवला नाही आणि मीही थांबले नाही.

"मिस्तरी, खरं सांगा. आमच्या घरचा आवाज कशानं फुटते?"

त्यानं मिक्सर बाजूला ठेवला. "भाभी, खोली रिकामी हाय ना. खाली फरशी, वर स्लॅब, चहूकडून ऑइल पेंट. आवाज जाईन कुठी? भितीले लागते, वापस येते. आवाजावर आवाज पडते."

"आन कापूस होता तवा?"

"तवा कापूस पिऊन घेत होता."

"म्हंजे तुमाले माहीत होतं."

"पह्यल्याच साली. अँप्लिफायर लावाले आलो तं तुमच्या कापसावरच बसलो होतो ना मी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

मिस्तरी खरोखर विचारात पडला. मग म्हणाला, "भाभी, आता सच बोलू का? माह्या दुकानात कापूस भेटत नाही. अँप्लिफायर भेटते."

मला त्याचा राग आला नाही. भाजीवालाही आपल्या पाटीतली किडकी वांगी स्वतःहून दाखवत नाही. मी फक्त एवढंच विचारलं, "ईद कवा हाय?"

"पंधरा-सोळा दिवस हायेत."

"शीरखुर्म्याले दूध कुठून नेणार?"

मिस्तरीनं माझ्याकडे पाहिलं. दरवर्षी ईदच्या आदल्या दिवशी त्याचा मोठा मुलगा मोटारसायकलला दोन कॅन बांधून आमच्याकडे येतो. माझ्या म्हशीच्या दुधाशिवाय त्याच्या घरी शीरखुर्मा होत नाही, असं त्यानं स्वतः चार लोकांत सांगितलेलं आहे.

"म्हैस चालली," मी म्हटलं. "तुमच्या स्पीकरवर. यंदा पिशवीच्या दुधाचा करा. तुमच्या अम्मीले सांगा, स्पीकर लय चांगला इकला म्हणून."

"या अल्ला," मिस्तरी म्हणाला. "अम्मी घरात घेणार नाही मले." मग विचारलं, "काय कराचं, भाभी?"

काय करायचं ते मी बसमध्येच ठरवलं होतं.

घरी येऊन मी बुढ्याला चार लोकांसमोर विचारलं. एकट्यात विचारलं तर तो नाही म्हणतो, चार लोकांत त्याला नाही म्हणता येत नाही. "तुमचा कान पक्का असन तं डोये बांधून ओयखा. मिस्तरी नवे स्पीकर घेऊन येईन. कवा जुने लावीन, कवा नवे. नवे कोणते ते तुम्ही सांगा. बरोबर सांगतलं तं म्हैस तुमची, मी स्वतः दावं सोडून देतो. चुकले तं म्हशीचं नाव पुन्हा काढाचं नाही."

वऱ्हाडात बायकाही कधी कधी स्वतःबद्दल 'देतो' म्हणतात. पुण्याची सून हसते. हसू दे.

"अवं, मी आवाजावरून गाडीचं बेरिंग सांगत होतो," बुढा म्हणाला.

"मंग सांगा."

रविवारी सकाळी मिस्तरी जीपमधून दोन मोठे खोके घेऊन आला. खोलीत मी आदल्या दिवशीच आडव्या दोऱ्या बांधून घेतल्या होत्या. बुढ्यानं विचारलं तर शेवया वाळत घालायच्या आहेत म्हणून सांगितलं. शेवयांचे दिवस होते, त्याला ते खरं वाटलं. शेजारच्या घरात जाऊ नऊ गोधड्यांवर बसून होती. थंडी सरल्यावर मी त्या धुऊन, डांबरगोळ्या घालून पेटीत ठेवल्या होत्या, त्या सगळ्या काढल्या. कापूस गेला होता, पण मऊ काहीतरी पाहिजे होतं, आणि घरात गोधड्यांहून मऊ असा मुलगाही नाही की बुढाही नाही.

मी माझ्या हातानं बुढ्याच्या डोळ्यांवर त्याचा गमछा दोन वेढे घालून बांधला. पंखा बंद केला. मिस्तरीचा रोजा, कपाळावर घाम, तोंड कोरडं. त्यानं जुन्या स्पीकरना वायर जोडली आणि भजन लावलं.

"हे जुने," बुढा लगेच म्हणाला. "पत्र्याच्या डब्यात खडे."

बरोबर होतं. मिस्तरीनं वायर काढून नव्यांना जोडली. नव्या स्पीकरातून तोच गवई तेच भजन जरा मोठ्यानं ओरडला आणि चारी भिंतींनी त्याला साथ दिली.

बुढ्यानं तोंड वाकडं केलं. "मिस्तरी, बदलले नाहीत तुम्ही. मले फसवता काय बे? हे बी जुनेच."

"ध्यान देऊन ऐका, ड्रायव्हरसाहेब."

"ध्यान देऊनच सांगून राह्यलो. जुने. तिसऱ्यांदा लावा."

मिस्तरीनं पुन्हा जुन्या स्पीकरना वायर जोडली आणि मुद्दाम वेळ लावला. मी मागच्या दाराशी जाऊन हात केला. जाऊ आत आली, अनवाणी, डोक्यावर पाच गोधड्या. उरलेल्या चार मी आणल्या. दोघींनी दोऱ्यांवर एकेक टाकली, भिंती झाकल्या, एक खिडकीवर, एक दारावर. नववीला जागा उरली नाही तेव्हा जाऊ ती कडेवर घेऊन बुढ्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

बुढ्यानं नाक वर केलं. "डांबरगोळ्याचा वास कुठून येऊन राह्यला?"

जावेनं पदर तोंडात कोंबला.

"नव्या मालाचा वास हाय तो," मिस्तरी म्हणाला. "पॅकिंगमंधी टाकतात. कीड लागू नाही म्हणून."

"पाह्यलं?" बुढा मला म्हणाला, मी ज्या बाजूला नव्हते त्या बाजूला तोंड करून. "वासावरूनच समजते भारी चीज."

सुई खाली बसली. गवई बाजेवर येऊन बसला. खोटं कशाला बोलू, फार गोड वाटलं. तबला वेगळा, पेटी वेगळी, टाळ वेगळे. बुढ्याचे हात खुर्चीवर सैल पडले. पहिलं कडवं झालं. मग पेटी थोडी थांबली, आणि बुढा खुर्चीत ताठ झाला.

"श्वास!" तो ओरडला. "आला! श्वास आला! ऐकलं का तुम्ही? बुवानं श्वास घेतला! हे नवे! हेच नवे! म्हैस गेली, बाप्पा, म्हैस गेली!"

श्वास आला होता, यात शंका नाही. मीही ऐकला. जड गोधडी कडेवर घेऊन त्याच्या डाव्या खांद्यामागे उभी असलेली माझी जाऊ धापा टाकत होती.

"सोडा गमछा," मी म्हटलं.

त्यानं गमछा ओढला. समोर वायर जुन्या स्पीकरना जोडलेली. नवे बाजूला मुके बसलेले. चहूकडे गोधड्या: माझ्या सासूच्या लुगड्याची, मुलाच्या शाळेच्या शर्टांची, त्याच्या स्वतःच्या खाकी पँटींची. त्यानं एकेक गोधडी पाहिली. मग मिस्तरीकडे पाहिलं. मिस्तरी स्लॅब पाहत होता. भजन चालूच होतं, आणि चांगलं चाललं होतं, तेच त्याला जास्त लागलं असावं.

"हे धोका हाय," बुढा म्हणाला.

"कोणी देल्ला? तुमच्याच कानानं तं सांगतलं."

"गोधड्यानं आवाज सुधरते हे मले कोणी सांगतलं नाही."

"कापसानं सुधरते हे मी सांगतलं. तवा तुम्ही मले चुलीकडं पाहाले लावलं."

त्यानं गमछा खांद्यावर टाकला. नंतर मिस्तरीला हळूच विचारलं, "पण श्वास? श्वास तं आला ना?"

मी खरं बोलणारी बाई आहे, पण विचारलं तर. त्यानं मला विचारलं नव्हतं. मिस्तरीनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा जावेकडे. जाऊ दारात बसून अजून वारा घेत होती. "आला असन, ड्रायव्हरसाहेब," तो म्हणाला. "आमचा काय तेवढा कान नाही."

नवे स्पीकर त्याच जीपमधून परत गेले. दलालाला मी स्वतः फोन करून सांगितलं की म्हशीचे दात पाहून झाले असतील तर आता आपले पाहा. ईदच्या आदल्या दिवशी मोटारसायकल आली, दोन्ही कॅन भरून गेले, आणि दुसऱ्या दिवशी मिस्तरीच्या आईनं माझ्यासाठी शीरखुर्म्याचा डबा धाडला. वर बदाम माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त होते. पाटा मी त्याच रविवारी उचलून चुलीपाशी आणला. प्लेअर आता दोन विटांवर आहे.

मला वाटलं, संपलं. बुढ्याचं काही संपत नाही.

गोधड्या त्यानं उतरवू दिल्या नाहीत. आठ दिवसांत तो गोधड्यांतला जाणकार झाला. नायलॉन साडीची गोधडी आवाज 'किरकिरा' करते, सुती लुगड्याची 'गोल' करते, खाकी पँटींची 'जड' करते. जाड वायरीबद्दल जे सगळं बोलायचा तेच शब्द गोधड्यांना लावले. लोकांना बोलावून दाखवतो. कोणती कुठे टांगायची याचा कागद केला आहे. मला म्हणाला, "उजव्या भितीसाठी एक भारी शिवून दे. आत चार पदर जुनं धोतर टाक."

"मोबाइलवाल्या दाढीवाल्याले सांगा शिवाले," मी म्हटलं.

आणि श्वास तो अजून शोधतो. पुन्हा आला नाही म्हणतो. एकदाच आला, त्या दिवशी. कधी कधी जाऊ दही मागायला येते, उंबरा चढून धापा टाकत दारात टेकते, आणि बुढा बोट वर करून म्हणतो, "ऐकलं?" जाऊ म्हणते, "हाव, भाऊजी." मी दही देते.

या दिवाळीला कापूस घरात आला. आता कापूसही आहे आणि गोधड्याही आहेत. बुढा दोन दिवस ऐकत बसला आणि म्हणाला, आवाज बुजला, कापूस लवकर विकून टाकला पाहिजे. ज्यानं तीन वर्षं भाव पाहत कापूस धरून ठेवला तोच माणूस. मी म्हटलं, कापूस भाव आल्यावरच जाईल, गोधड्या मात्र आज जातील, मला थंडी वाजते. संध्याकाळी धार काढायच्या वेळेला मी खोलीत गेले, त्याचं भजन चालू होतं, आणि भिंतीवरची सासूच्या लुगड्याची गोधडी ओढून खांद्यावर घेतली.

"अवं! डाव्या बाजूचा आवाज पातळ झाला!"

"माही डावी बाजू गरम झाली."

मी गोधडी पांघरून बादली घेऊन गोठ्याकडे निघाले. म्हशीनं मला पाहिलं आणि रेकली, नेमकी दुसऱ्या कडव्याच्या आधी. आतून बुढा ओरडला, "तिले गप कर! आता श्वास येऊन राह्यला होता!"

"तिले सांगून पाहा," मी म्हटलं, आणि धारेला बसले.